बेडकाची पिल्ले उपाशी का राहिली?

नागपूरहून वर्धा रस्त्याने निघाले की साधारण तीस किलोमीटरवर बुटीबोरी लागते. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे सोयाबीन, कपाशी आणि तुरीची शेते. तिथल्या एका शाळेतील विज्ञानाच्या बाईंचा ऑगस्टच्या अखेरीस आम्हाला फोन आला. "सर, आमची बेडकाची पिल्लं काही खातच नाहीत. काय करू?"

गोष्ट जुलैत सुरू झाली होती. शाळेमागच्या सिमेंटच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर, पाण्यापासून हातभर उंचीवर, साबणाच्या फेसासारखा एक पांढरा गोळा मुलांना दिसला. चार-पाच दिवसांत त्यातून इवले बेडूकमासे टपाटप खालच्या पाण्यात पडले. पुढे टाकी धुण्यासाठी रिकामी करायची ठरली. बेडूकमासे वाया जाऊ नयेत म्हणून बाईंनी त्यातले काही वर्गातल्या काचेच्या पेटीत आणले. सातवीच्या मुलांनी उकडलेला पालक घालून त्यांना वाढवले. मागचे पाय आले, मग पुढचे पाय आले. बेडूक झाल्यावर तो किडे खातो, हे पुस्तकात होतेच. मुलांनी माश्या मारून आणल्या, मुंग्या आणल्या. पण तेवीस पिल्लांपैकी एकानेही तोंड उघडले नाही.

आम्ही फोनवरच सल्ला दिला : "लहान किडे द्या, वेगवेगळे देऊन पाहा." पिल्ले कोणत्या अवस्थेत आहेत, पेटी कशी आहे, पाणी किती आहे, यातले आम्ही काहीही विचारले नाही. तीन दिवसांनी पुन्हा फोन आला, तेव्हा नऊ पिल्ले मेली होती. मग मात्र आम्ही बुटीबोरीला गेलो.

पेटीजवळ एक मुलगी गप्प उभी होती. पाणी बदलण्याची पाळी तिची होती. ती एवढेच म्हणाली, "सर, मी पाणी तर रोज बदलत होती जी."

पेटी पाहिल्यावर आमच्या लक्षात आले की 'खात नाहीत' या एका वाक्याखाली तीन निरनिराळ्या गोष्टी झाकल्या गेल्या होत्या. काही पिल्लांना खाताच येत नव्हते. काहींना समोरचे अन्न दिसत नव्हते. आणि काही इतकी घाबरलेली होती की अन्न समोर असूनही ती हलत नव्हती. या तिन्ही गोष्टी आपण क्रमाने समजून घेऊ.

हा बेडूक कोण?

फेसाचे घरटे करणारा हा आपल्याकडचा नेहमीचा झाडबेडूक. शास्त्रीय नाव पॉलिपिडेटस मॅक्युलेटस. इंग्रजीत त्याला 'चुनाम फ्रॉग' असेही म्हणतात. त्या नावात आपला चुनाच आहे. पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या चौकटीत चिकटून बसलेला तपकिरी, पिवळट बेडूक आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या बोटांच्या टोकांना चकतीसारख्या गाद्या असतात. त्यांच्या आधाराने तो उभ्या भिंतीवर, काचेवरही चढतो. मादी अंडी घालताना सोडलेला स्राव पायांनी घुसळून फेस करते आणि अंडी त्या फेसात राहतात. बाहेरून फेस वाळतो, आत ओल टिकते. घरटे पाण्याच्या बरोबर वर असल्यामुळे बाहेर पडणारे बेडूकमासे आपोआप पाण्यात पडतात.

पहिले कारण : पोट बदलण्याचे काम चालू आहे

पेटीतल्या चौदा पिल्लांपैकी पाचांना अजून शेपूट होती. ही पिल्ले खाणार नव्हती, आणि त्यांनी खाण्याची गरजही नव्हती.

बेडूकमासा प्रामुख्याने शेवाळ आणि कुजलेला पाला खाणारा. त्याच्या तोंडाला खरवडण्यासाठी शिंगासारख्या कठीण पदार्थाची चोच असते, बारीक दातांच्या ओळी असतात. पोटात घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले लांबच लांब आतडे असते. त्याच्या पोटाकडून पाहिले तर कातडीतून हे वेटोळे दिसतेही. बेडूक मात्र मांसाहारी. त्याला रुंद जबडा हवा, चिकट जीभ हवी आणि आखूड आतडे पुरते. म्हणजे काही दिवसांत जुने तोंड मोडून नवे तोंड घडवायचे आणि जुने आतडे मोडून नवे घडवायचे. झेनोपस या आफ्रिकी बेडकात आतड्याची लांबी या काळात सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी होते. स्वयंपाकघराची मोडतोड चालू असताना चूल पेटत नाही, तसेच हे आहे.

मग या दिवसांत शक्ती येते कुठून? शेपटीतून. शेपटीतल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात, त्यांतील द्रव्ये शरीरात शोषली जातात आणि नव्या अवयवांसाठी वापरली जातात. शेपूट गळून पडत नाही, ती आत जिरते. शेपूट हा पिल्लाने बरोबर आणलेला शिधाच आहे.

या सगळ्याची सुरुवात अवटू, म्हणजेच थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाने होते. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना सस्तन प्राण्यांची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली. ते वेळेच्या खूप आधी, आकाराने अगदी लहान असतानाच बेडकात बदलू लागले. पुढे १९६० मध्ये केनेथ गॉस्नर यांनी अंड्यापासून बेडकापर्यंतच्या वाढीचे ४६ टप्पे आखून दिले. त्यांतील ४२व्या टप्प्याला पुढचे पाय बाहेर येतात आणि ४६व्या टप्प्याला शेपूट पूर्ण नाहीशी होते. या दोन टप्प्यांच्या मध्ये पिल्लू जेवत नाही. शेपूट गेल्यानंतरही एक-दोन दिवस ते स्वस्थ राहू शकते.

पण याच टप्प्यात एक खरा धोका असतो. कल्ले संपत आलेले असतात आणि पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेऊ लागलेले असते. त्याला पाण्याबाहेर येता आले नाही तर ते बुडून मरते. बेडूक बुडतो हे ऐकून मुलांना नवल वाटले. पेटीच्या भिंती सरळ होत्या, बाहेर यायला उतार नव्हता, आणि पाणी स्वच्छ व भरपूर असावे म्हणून रोज काठोकाठ भरले जात होते. मेलेल्या नऊपैकी सहा पिल्लांना शेपूट होती आणि ती पाण्यातच सापडली होती. ती उपासाने मेलेली नव्हती.

त्या मुलीला आम्ही हे सांगितले. तिने नेमून दिलेले काम चोख केले होते. पुढचे पाय दिसताच पाणी कमी करून उतार द्यावा, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. तो प्रश्न फोनवर आम्हीच विचारायला हवा होता.

दुसरे कारण : जे हलत नाही ते अन्न नाही

उरलेल्या नऊ पिल्लांची शेपूट गेली होती आणि त्यांना भूक असणार होती. पेटीत एका झाकणात मारलेल्या माश्या नीट मांडून ठेवल्या होत्या. आपल्या दृष्टीने ते वाढलेले ताट, पण बेडकाच्या दृष्टीने तिथे काहीच नव्हते.

१९५९ साली लेटविन, मातुराना, मॅक्युलक आणि पिट्स या चौघांनी बेडकाच्या डोळ्यावर एक महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला. बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंमधले विद्युत संदेश त्यांनी मोजले. त्यांना आढळले की डोळा समोरचे सगळे चित्र जसेच्या तसे मेंदूकडे पाठवत नाही. काही तंतू फक्त लहान, गडद आणि हलणारा ठिपका आला तरच जोरात संदेश देतात. म्हणून सभोवती न हलणाऱ्या किड्यांचा ढीग असला तरी बेडूक उपाशी मरू शकतो.

पुढे योर्ग-पीटर एवर्ट यांनी भेकावर, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकावर, केलेले प्रयोग याहून गमतीचे आहेत. काळ्या पुठ्ठ्याची लांबट पट्टी तिच्या लांबीच्या दिशेने, अळीसारखी सरकवली की भेक तिच्यावर झेप घेतो. तीच पट्टी उभी धरून आडवी सरकवली तर तो तिकडे लक्ष देत नाही. पट्टी एकच, वेगही एकच. पण एक हालचाल 'अन्न' ठरते आणि दुसरी ठरत नाही.

यातून शिक्षकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अन्न जिवंत आणि हलणारे हवे. आणि ते पिल्लाच्या मापाचे हवे : पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नये. मुलांनी आणलेल्या घरमाश्या जिवंत असत्या तरी अंगठ्याच्या नखाएवढ्या पिल्लाला त्या फार मोठ्या होत्या. मोठा किडा पाहून पिल्लू घाबरून मागे सरते. बेडूक घास चावत नाही, सबंध गिळतो. गिळताना तो डोळे मिटतो हे आपण पाहिले असेल. डोळ्यांचे गोळे खाली तोंडाच्या पोकळीत ओढले जातात आणि घास मागे ढकलायला मदत करतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोळे खाली ओढणाऱ्या स्नायूंचे काम थांबवल्यावर बेडकाला तोच किडा गिळण्यासाठी अधिक वेळा प्रयत्न करावा लागला.

मग द्यायचे काय? सर्वांत सोपे अन्न म्हणजे फळमाशी, जनुकशास्त्रात प्रसिद्ध असलेली ड्रॉसोफिला. जास्त पिकलेल्या केळ्याची साल उघड्या बाटलीत ठेवली की काही तासांत फळमाश्या जमतात. बाटलीच्या तोंडाला कापड बांधून ठेवले तर दहा-बारा दिवसांत पुढची पिढी तयार होते. म्हणून बेडूकमाशांचे मागचे पाय दिसले की केळ्याची बाटली लावून द्यावी. पिल्ले खाऊ लागेपर्यंत अन्न तयार असते. मावा, वाळवीची लहान पिल्लेही चालतात. मुंग्या टाळाव्यात, त्या चावतात.

बुटीबोरीसारख्या ठिकाणी एक काळजी फार महत्त्वाची आहे. ऑगस्ट-सप्टेंबर हा कपाशी आणि सोयाबीनवर फवारणीचा काळ. फवारलेल्या शेतातला मावा म्हणजे पिल्लाला विषाचा घास. किडे न फवारलेल्या परसातून, शाळेच्या बागेतून किंवा घरच्या केळ्यावरूनच घ्यावेत.

तिसरे कारण : भीती, उजेड आणि पाणी

दुसऱ्या दिवशी फळमाश्या सोडल्या. नऊपैकी चार पिल्लांनी लगेच खाल्ले. पाच मात्र काचेच्या कोपऱ्यात अंग चोरून बसून राहिली. एक मुलगा हिरमुसून म्हणाला, "सर, हे अजूनही काहीच खात नाही ना जी."

पेटी वर्गाच्या मधोमध होती. वर ट्यूबलाइट, शेजारी पंखा, चारही बाजूंनी मुले. पेटीत लपायला एक पानही नव्हते. झाडबेडूक निशाचर आहे. दिवसा तो पाय पोटाखाली घेऊन गप्प बसतो आणि अंधार पडल्यावर शिकारीला निघतो. आपण मात्र त्याला भर दुपारी, सातवीच्या पूर्ण वर्गासमोर जेवायला सांगत होतो.

पंख्याचा वाराही त्रासाचा होता. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. मुख्यतः पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून तो ते शोषून घेतो. ज्या कातडीतून पाणी आत येते तिच्यातूनच ते बाहेरही जाते. आपल्या झाडबेडकाने यावर एक उपाय शोधला आहे. तो कातडीतील ग्रंथींचा स्राव पायांनी पुसून सर्व अंगावर पसरवतो आणि बाष्पीभवन कमी करतो. या वर्तनाचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तरीही इवल्या पिल्लाच्या अंगात पाणी ते किती असणार! पंख्याखाली ते लवकर सुकते, आणि सुकलेले पिल्लू खात नाही.

पाण्याची जातही महत्त्वाची. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आपल्याला चालते, पण पातळ कातडीला ते झोंबते. असे पाणी रुंद भांड्यात दिवसभर उघडे ठेवून मग वापरावे. पिल्लाला शक्यतो हात लावू नये. लावावाच लागला तर हात साबणाचा अंश न राहील असे धुऊन, ओले करून लावावा आणि नंतर मात्र साबणाने स्वच्छ धुवावेत.

आम्ही काय केले

पेटी पंख्यापासून दूर, सावलीच्या कोपऱ्यात हलवली. तिच्या तीन बाजूंना जुनी वर्तमानपत्रे चिकटवली. तळाला ओला सुती कपडा घातला, पाण्याची उथळ बशी ठेवली आणि बशीत चढ-उतारासाठी दगड ठेवले. मनीप्लँटच्या दोन फांद्या आडव्या-उभ्या लावल्या. वर बारीक जाळी बांधली. शेपूट असलेली पाच पिल्ले वेगळ्या पसरट घमेल्यात, बोटभर पाण्यात, तिरप्या विटेसह ठेवली आणि त्यावरही जाळी बांधली. खाणे देण्याची वेळ शाळा सुटल्यानंतरची ठरवली. पेटीत केळ्याचा एक तुकडा ठेवला, म्हणजे माश्या इकडेतिकडे न जाता त्याच्याभोवतीच घिरट्या घालतात.

पिल्लाने प्रत्यक्ष खाल्लेले दिसले नाही तरी खाल्ले की नाही हे कळण्याचे दोन मार्ग आहेत. एक, सकाळी विष्ठेचे काळे ठिपके शोधणे. दुसरा, वजन. पिल्लाचे वजन एक ग्रॅमपेक्षाही कमी असते, म्हणून दुकानातला काटा चालत नाही. बाई गावातल्या सोनाराकडे गेल्या. झाकणाच्या डबीचे वजन आधी, मग पिल्लासह, आणि दोन्हींतला फरक काढायचा. सोन्याच्या काट्यावर बेडूक पाहून सोनारही हसले, पण दर चार दिवसांनी त्यांनी काटा दिला. वजनाचा आलेख भिंतीवर लागला. दशांश अपूर्णांकांची वजाबाकी त्या पंधरवड्यात वेगळी शिकवावी लागली नाही, असे बाई सांगतात.

दोन आठवड्यांत तेरा पिल्ले नियमित खाऊ लागली. एक शेवटपर्यंत खाल्लेच नाही आणि मेले. त्याचे कारण आम्हाला सांगता आले नाही, आणि तसेच आम्ही मुलांना सांगितले.

एक गोष्ट मात्र कोणीही करू नये. तोंड उघडून जबरदस्तीने घास भरवणे. पिल्लाचा जबडा अजून मऊ असतो; तो मोडतो, आणि भीतीने ते आणखी खायचे थांबते. पिल्लू हाडे दिसण्याइतके खंगले, पोट फुगले, मांड्या लाल झाल्या किंवा उलटे केल्यावर त्याला सरळ होता आले नाही, तर ते आजारी आहे असे समजून इतरांपासून वेगळे ठेवावे आणि पशुवैद्यकांना दाखवावे.

पाळावे की सोडावे?

मुलांनी पिल्लांना नावे ठेवली होती आणि त्यांना ती पाळायची होती. आमचा सल्ला होता, सोडावीत. झाडबेडूक हा रानातला प्राणी आहे. केवळ फळमाश्यांवर तो फार दिवस निरोगी राहत नाही. त्याला कॅल्शियम कमी पडते आणि हाडे वाकतात. शिवाय आपल्या देशात वन्यजीवांसाठी १९७२ चा संरक्षण कायदा आहे. शाळेने असा कोणताही प्राणी आणण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. त्याहून सोपे म्हणजे फेसाचे घरटे असेल तिथेच वर्ग नेऊन ते पाहावे.

सोडताना जागाही हवी तशी निवडून चालत नाही. जिथून आणले तिथेच सोडावे. जगभरातल्या बेडकांच्या अनेक जाती कातडीवरच्या कायट्रिड नावाच्या बुरशीमुळे संकटात आल्या आहेत. पश्चिम घाटातल्या बेडकांमध्ये या बुरशीची नोंद २०११ साली प्रसिद्ध झाली. एका जागचे बेडूक दुसरीकडे नेले की रोगही सोबत जाऊ शकतो.

बेडकाचे आणि शेतीचे नाते आपल्याकडे जुने आहे. पाऊस लांबला की विदर्भातल्या गावांत पोरे मुसळाला कडुलिंबाच्या डहाळ्यांत बेडूक बांधून, घरोघर धोंडी मागत फिरत. त्या बेडकाचे काय हाल होत, हे तेव्हा कोणी विचारत नसे. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. शेतातले किडे खाणारा प्राणी ताटात पाठवणे महागात पडते, हे तोवर अनेकांनी बोलून दाखवले होते.

सप्टेंबरच्या मध्यावर, पाऊस भुरभुरत असताना, संध्याकाळी तेराही पिल्ले शाळेमागच्या टाकीजवळच्या झुडपांत सोडली. पाणी बदलणाऱ्या मुलीने पेटी आडवी धरली होती. पिल्ले एकेक करून पानांवर चढली आणि पाच मिनिटांत एकही दिसेनासे झाले.

वर्गातल्या नोंदवहीत आधी 'खाल्ले / नाही खाल्ले' असे दोनच रकाने होते. आता बाईंनी मुलांकडून ते नव्याने आखून घेतले आहेत : शेपूट गेली का? किडा हलतो आहे का, आणि तो किती मोठा आहे? लपायला जागा, उतार आणि ओल आहे का? पुढच्या जुलैत आपल्या शाळेच्या टाकीवर, विहिरीच्या कठड्यावर किंवा डबक्यावर झुकलेल्या फांदीवर पांढरा फेस दिसला, तर हे रकाने उतरवून घ्यावेत. आणि आम्हाला फोन केलात, तर या वेळी सल्ला देण्याआधी हेच तीन प्रश्न आम्ही विचारू.